बिल नसलेला खोका

३ फेब्रुवारी
काल वास्तुशांती पार पडली. बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये काल माणसं मावत नव्हती, आज भेटी मावत नाहीत. डिनर सेट चार. भिंतीवरची घड्याळं सहा, आणि हॉलला मोकळी भिंत एकच.
संकल्प : सगळं ज्या त्या दुकानात वापस करून एक रिक्लायनर खुर्ची घेणार. कामिनी म्हणाली, बिलं कुठे आहेत? बिल दुबळ्या माणसाला लागतं, माझा आवाज पुरेसा आहे, असं तिला सुनावलं. ती पोळ्या लाटत राहिली.
सुरुवात विश्वनाथच्या खोक्यापासून. मोठा भाऊ असला तरी दादा म्हणणं मी तीन वर्षांपूर्वीच बंद केलंय. आई गेल्यावर भिवापूरच्या घरात भांडी वाटताना तिच्या पितळी खलबत्त्यावरून जुंपली. खल माझ्या हातात होता, बत्ता त्याच्या. माझ्या डोक्याला पाच टाके पडले. लढाई मीच जिंकली, कारण मी ताडकन निघून आलो आणि खलबत्ता घेऊन त्याला तिथेच उभं राहावं लागलं.
कामिनीने परस्पर आमंत्रण दिलं म्हणून काल आला. जेवला, खोका ठेवला, गेला.
शपथ : खोका उघडणार नाही. त्याने काय दिलं हे बघणंसुद्धा अपमान. शिवाय सीलबंद माल कुठलाही दुकानदार नाकारू शकत नाही. वजनावरून लोखंडी तवे असावेत. चिंगूस माणूस.

५ फेब्रुवारी
खोक्यावर दुकानाचं नाव छापलंय. चंद्रभान मेटल्स, इतवारी. आज रक्त सांडणार असं ठरवून निघालो. सांडलं. ऑटोतून उतरवताना खोका डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. नख गेलं. तरी लंगडण्यात एक दरारा असतो.
चंद्रभान शेठ सत्तरीचा, कानावर पेन. खोक्याला हात लावायच्या आधी बिल मागितलं. मी काउंटरवर मूठ आपटली. काच जाड निघाली. मनगट सुजलं. शेठने चहा सांगितला. डावपेच म्हणून प्यालो, कारण चहा पाजणारा माणूस गाफील होतो. शेठ म्हणाला, बिल आना भाऊ, न उघडता वापस घेऊन घेतो.
खोका घेऊन परत आलो. शेठ मात्र पूर्ण गाफील झालेला आहे.

६ फेब्रुवारी
कामिनीचं म्हणणं, दादांना फोन करून बिल मागा, विषय संपला. मी म्हणालो, त्याला फोन केला तर माझी जीभ झडो. ती म्हणाली, "तुम्ही काहून त्या खोक्याच्या मागे लागून राहिले? एकदा उघडून तर पहा." बायकांना तत्त्व कळत नाही.
संध्याकाळी बाथरूमच्या आरशात सराव. आधी तीन सेकंद टक लावून बघायचं, नाकपुड्या फुगवायच्या, मग कॉलर. कामिनीने दाराबाहेरून विचारलं, पोट बिघडलं का.

७ फेब्रुवारी
ऑफिसातल्या पिंटूला सोबत नेलं. जिमला जातो, दंड भोपळ्याएवढे. त्याला फक्त माझ्या मागे उभं राहायचं होतं. पण तो आणि शेठ दोघेही मूळचे कुही गावचे निघाले. दोघं धानाच्या बांधीबद्दल, भातशेतीबद्दल बोलत बसले. पिंटूसाठी तर्रीपोहे आले.
एकटा लढलो. टक लावली, नाकपुड्या फुगवल्या, शेठची कॉलर धरली. शेठने माझा हात झटकला नाही, नुसतं विचारलं, काहून त्रास करून घेऊन राहिले भाऊ? या प्रश्नाची तयारी केली नव्हती. एक पाऊल मागे सरलो. मागे स्टीलच्या गंजांची, म्हणजे पातेल्यांची, उतरंड होती. छतापर्यंत.
सगळी माझ्यावर. आवाज गांधीबागेपर्यंत गेला असं पिंटू म्हणतो. सर्वांत वरचा गंज सर्वांत शेवटी आला. डोक्याला तीन टाके, नेमके जुन्या खुणेच्या शेजारी. शेठनेच स्कूटरवर दवाखान्यात नेलं. पिंटू पोहे संपवून आला.
तरी हिशेब सरळ आहे. त्याची सतरा भांडी आडवी झाली, माझा एकच माणूस.

८ फेब्रुवारी
रजा. डोकं ठणकतं. दुपारी डोळा लागला. स्वप्नात बत्ता माझ्या हातात होता आणि विश्वनाथ समोर नुसता उभा. हातसुद्धा आडवा घातला नाही. मी मारलं नाही. स्वप्नातही चान्स सोडला, याचा राग दिवसभर येत राहिला. बहुतेक रागच होता.

१० फेब्रुवारी, सकाळ
विजय! शेठचा फोन. दवाखान्याच्या कागदावर माझा नंबर होता. म्हणाला, बिल राहू द्या, खोका आना, उघडून पाहतो आणि वापस घेतो, पण माझ्या गंजांजवळ उभे राहू नका. कामिनीला सांगितलं, बघ, याला म्हणतात दहशत.

१० फेब्रुवारी, दुपार
शेठने चिकटपट्टी कापली. शपथेमुळे मी तोंड फिरवून उभा होतो. मग शेठ म्हणाला, "हा माल आमचा नाही, भाऊ. खोका तेवढा आमचा."
वळलो. पितळी खल, लख्ख घासलेला. आत बत्ता. काठावर ठोक्याठोक्यांनी घातलेलं नाव, प्रयागबाई. आईचं.
शेठला सगळं आठवलं. भिवापूरचा एक माणूस पॉलिश करायला घेऊन आला होता. पॉलिशवाल्याने विचारलं, जुनं नाव घासून टाकू का, तर त्याच्या अंगावर धावून गेला. मग खोका मागितला, चांगला जाड. म्हणाला, भावाले द्यायचा आहे, तो तापट आहे, आपटन.
शेठ म्हणाला, मी विकलंच नाही तर बिल कुठून येईल. वाटल्यास मोडीत घेतो, वजनावर.
मी हात उगारला. या आठवड्यात पहिल्यांदा खरोखरचा. शेठही मागे सरला. मग मी हात खाली घेतला, कारण तो खल उचलायला दोन हात लागतात.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी सात
कामिनीने खल ओट्यावर ठेवला आणि पदराने पुसला. हे जास्त लागलं. खलात तिने लसूण आणि भिवापुरी मिरची घातली. बत्ता मी मागून घेतला. तिसरा घाव बोटावर बसला. ठीक आहे.
जीभ झडली तर झडो म्हणून फोन लावला. दादाने लगेच उचलला. मग त्याने विचारलं, "टाके भरले का गा तुये?"
तीन वर्षांनी. डोक्याला हात लावला. नवे तिन्ही अजून ओले होते. म्हणालो, भरले. डोळ्यांत मिरची गेली असं इथे लिहिणार होतो. गेली नव्हती.
मग तो अडखळत म्हणाला, खलबत्ता तुम्हाला अडचणीचा होत असेल, घर लहान आहे, तर वापस दे, रविवारी येऊन घेऊन जातो.
मी म्हणालो, "आधी बिल आन, दादा."
रविवारी येतोय. रिक्लायनर नाही, तो खालीच बसेल.