दुपारच्या हाकेला ओ

१२ जून, गुरुवार. पिरेअस बंदर

आज झालं ते क्रमाने लिहिते.

१. मी आणि रोडाँथी सकाळी ‘आल्किओनी’वर चढलो.
२. ध्वनियंत्रणेच्या सगळ्या पेट्या वर आल्या. एकीलाही पाणी लागलेलं नाही.
३. केबिन खालच्या मजल्यावर मिळाली. खिडकीकडचा पलंग रोडाँथीने न विचारता घेतला.
४. आईचा फोन आला. जेवलात का, असं विचारत होती. जहाज अजून धक्क्यालाच होतं.
५. जहाज सुटलं.

नोकरी चांगली आहे. ‘समुद्रावरची नाट्यशाळा’ असं या सफरीचं नाव. जुनी नाट्यगृहं असलेल्या किनाऱ्यांनी जायचं, सकाळी व्याख्यान, दुपारी तालीम आणि शेवटी प्रवाशांनीच एक शोकांतिका उभी करायची. यंदाची शोकांतिका बंदिवान बायकांची आहे. प्रवासी बहुतेक निवृत्त भाषाशिक्षक. त्यांना ओळ न् ओळ पाठ असते आणि नटाची चूक ते जागच्या जागी दुरुस्त करतात. प्रमुख आहेत प्राध्यापक व्रेत्तोस. माझ्याकडे माइक, स्पीकर आणि रेकॉर्डिंग.

रोडाँथीला माझी बहीण म्हणून कोरसमध्ये जागा मिळाली. सप्टेंबरमध्ये तिची नाट्य-विद्यालयाची प्रवेश-परीक्षा आहे, तिसऱ्यांदा. या वेळी झाली नाही तर मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं तिने आईला कबूल केलंय. आवाजाशिवाय तिच्याकडे दुसरं काही नाही, असं ती स्वतःच म्हणते. मला ते खरं वाटतं. संध्याकाळपर्यंत तिला अर्ध्या जहाजाची नावं पाठ झाली होती. मला तीन.

आई म्हणते की आमच्यात एक पोरगी हाक मारायच्या आधीच ओ देते, आणि दुसरीला तीन हाका मारल्या तरी पत्ता नसतो. दुसरी म्हणजे मी.

१३ जून, शुक्रवार

पहिलं नाट्यगृह झालं. ध्वनीची चाचणी बारा वाजता ठेवली, कारण त्या वेळी बाकीचे प्रवासी जहाजावर जेवत असतात आणि दगडी पायऱ्या रिकाम्या मिळतात. मी सगळ्यात वरच्या ओळीत बसते, कोरस खाली गोल अंगणात. मी एकेकाचं नाव पुकारते आणि त्याने ओ द्यायची. पाठ केलेलं वाक्य नको, सहज निघणारा शब्द हवा. म्हणून ‘ओरीस्ते’ ठरवला. हाक आली, फोन वाजला, दार ठोठावलं, की आपल्या तोंडून तोच निघतो. शिवाय त्यात भरीव ‘ओ’ आहे, कंपणारा ‘र’ आहे, शिटीसारखा ‘स’ आहे. पातळी लावायला एवढा एक शब्द पुरतो.

कोरसमध्ये पोलिक्सेनी नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळे त्यांना आदराने ‘कीरिया’ म्हणतात. त्या म्हणाल्या, जन्मभर मी पोरांची हजेरी घेतली, आणि आता ही कार्टी माझी घेतेय, देवा! त्यांचे यजमान पायरीवर टोपी डोळ्यांवर ओढून पडले होते. ते तिथूनच म्हणाले, तिला ओ देताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतोय, ते जपून रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. रोडाँथीचा आवाज सगळ्यांत पुढे पोचतो. मी तिला तसं सांगितलं नाही. उगाच चढून बसली असती.

१४ जून, शनिवार

वारा वाढला, म्हणून कप्तानाने एका ओसाड बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. बेटावर गाव नाही, बकऱ्या आहेत. आणि उतारावर समुद्राकडे तोंड करून एक लहान नाट्यगृह आहे, अर्धं मातीखाली गेलेलं. प्राध्यापक हरखून गेले. प्रयोग इथेच करू म्हणाले, आणि तोही भर उन्हात, पूर्वी व्हायचा तसा.

किनाऱ्यावर नेणारी होडी कीर-इग्नातिस चालवतो. वाटेत तो म्हणाला, पोरींनो, बारा वाजता आडरानात हाक आली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ देऊ नका हं, नाहीतर परी वाचा घेऊन जाते. आणि ती बायकोचीही नेते का, ते जरा विचारून ठेवा, मी तिला घेऊन येतो. सगळे हसले. ही गोष्ट प्रत्येकाच्या आजीने सांगितलेली असते.

चाचणी नेहमीसारखी झाली.

संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात पोलिक्सेनींचं नाव दोनदा आहे. मी एकदाच पुकारलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा ओ दिली आहे. आधी वाटलं की प्रतिध्वनी असेल. पण ती जादा हाक माझ्या हाकेच्या आधी येते. प्रतिध्वनी आधी येत नाही.

१५ जून, रविवार

वारा तसाच. जहाज तिथेच.

कीरिया पोलिक्सेनींचा आवाज गेला. घसा बसला असं नाही. श्वास बाहेर येतो, ओठ हलतात, आणि आवाज नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, म्हणाले सगळं ठीक आहे, ऊन लागलं असणार, मध घालून काढा घ्या. यजमान आधी म्हणाले, माझ्या प्रार्थनेला यश आलं. दुपारनंतर ते खुर्ची ओढून तिच्याजवळ आले. बायकोचा हात धरून बसून राहिले.

बारा वाजता पुन्हा चाचणी झाली. त्यानंतर कोरसमधल्या आणखी दोघींचा आवाज गेला.

तालमीचं रेकॉर्डिंग तपासलं. तिघी मुक्या आहेत. तरी कोरसचा आवाज काल होता तेवढाच भरतो. मी एकेक चॅनेल बंद करत गेले. शेवटी ज्या चॅनेलला माइकच जोडलेला नाही तेवढा उरला. त्यावर तिघी स्वच्छ ऐकू येतात. पोलिक्सेनींचा ‘र’ जरा जास्त कंपतो. ओळखू येतो.

प्राध्यापकांना ऐकवलं. ते म्हणाले, केबलमधून आवाज झिरपतो, तुम्हा तंत्रज्ञांना हे मी सांगावं का?

रोडाँथीला म्हटलं, उद्यापासून तिथे कुणालाही ओ द्यायची नाही. ती म्हणाली, मला गप्प बस म्हणणारी तू काही पहिली नाहीस, रांगेत उभी राहा. आणि वर आईला फोन करायला गेली. रोज दुपारी जेवण झालं की ती वरच्या डेकवर जाते. तिथेच काय ती थोडी रेंज येते.

१६ जून, सोमवार

आज चाचणी बदलली. नावं पुकारायची नाहीत, बोलायचं नाही, प्रत्येकाने फक्त टाळी वाजवायची. प्राध्यापकांनी खांदे उडवले, पण हो म्हणाले.

पोलिक्सेनी हट्टाने बरोबर आल्या होत्या. पहिल्या ओळीत बसल्या होत्या, अंगणाकडे तोंड करून.

टाळ्या नीट चालल्या होत्या. मग पायऱ्यांवरून हाक आली, रोडाँथी, अगं बाळा! आवाज पोलिक्सेनींचा. तोच ‘र’. आम्हा सगळ्यांनाच वाटलं की बाईंची वाचा परत आली. रोडाँथी आनंदाने वळली. पोलिक्सेनींनी डोकं झटक्याने मागे टाकलं, आपण ‘नाही’ म्हणताना टाकतो तसं, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्या ‘नाही’ म्हणत होत्या. मला वरून त्यांचे फक्त केस आणि वर आलेली कोपरं दिसत होती. रोडाँथीला सगळं समोर दिसत होतं, पण तोवर ‘ओरीस्ते’ हा शब्द तोंडातून निघून गेला होता.

तिने तो किती लाडाने म्हटला.

१७ जून, मंगळवार

रोडाँथीची वाचा गेली.

सकाळी ती तोंड उघडून आरशासमोर उभी होती. मी काढा आणला. तिने तो प्यायला, मग पुन्हा तोंड उघडलं. मग माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, सप्टेंबर. मी म्हटलं, तोवर येईल. माहीत नसलेलं मी असं कधी बोलत नाही. तिलाही ते ठाऊक आहे. म्हणून ती रडली.

न्याहारीला वेटरने माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाला, ओरीस्ते.

मी कपाकडे बघत राहिले. हाकेला ओ देताना आपण हा शब्द म्हणतो, बोला, काय आज्ञा? आणि वस्तू दुसऱ्याच्या हातात देतानाही हाच म्हणतो. घ्या.

ती परी हाक मारते. आपण म्हणतो, घ्या.

शब्द मी निवडला होता. ‘र’ आणि ‘स’साठी.

प्राध्यापकांकडे गेले आणि प्रयोग रद्द करा म्हणून सांगितलं. ते म्हणाले की जहाज अडकलंय, लोक कंटाळलेत, प्रयोग उद्या होणारच, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांनी मुखवटा घालून नुसतं उभं राहावं. कप्तान म्हणाला, वारा पडला की जाऊ, तोवर सगळ्यांनी पाणी भरपूर प्या.

आईला संदेश लिहिला. गेला नाही.

१८ जून, बुधवार

प्रयोग झाला. भर बारा वाजता.

मी सगळी यंत्रणा बंद ठेवली होती. एकही माइक चालू नव्हता. तरी कोरस पुरा भरलेला ऐकू आला. मुखवट्यांमागे चौघी मुक्या होत्या. रोडाँथी दोन हात खाली सोडून उभी होती. आणि तिचा आवाज सगळ्यांत पुढे होता. बंदिवान बायका आपलं घर जळताना पाहतात, ती ओळ मी तिच्याकडून केबिनमध्ये शंभरदा ऐकली असेल. इतकी चांगली तिने ती कधीच म्हटली नव्हती. परीक्षकांनी उभं राहून ऐकलं असतं. प्रवासी रडले. ओरडून ओरडून शाबासकी दिली.

मग तो आवाज नावं घेऊ लागला. एकेकाचं, हसून, प्रेमाने. लोकांना वाटलं आभार मानतेय. रोडाँथीला सगळ्यांची नावं पाठ आहेत.

ओरीस्ते. ओरीस्ते. ओरीस्ते. ओळीमागून ओळ.

मी ओरडू शकले असते. पण माझ्या तोंडून पहिला शब्द कुठला निघाला असता याची खात्री नव्हती.

प्राध्यापक शेवटचे. अगदी वाकून म्हणाले.

मग माझं नाव. घरचं, मिर्सीनीचं मिर्सो. तीच लाडिक ओढ, शेवटचा ‘ओ’ लांबवलेला. मी हेडफोनची वायर दातांत धरली. दुसरी हाक आली. तिसरी आली. मी ओ दिली नाही. जन्मभराची सवय.

खाली रोडाँथीने मुखवटा काढला आणि माझ्याकडे बघून डोकं मागे टाकलं. पुन्हा. पुन्हा.

१९ जून, गुरुवार

जेवणघरात फक्त चमच्यांचा आवाज.

बारा वाजता वायरलेसवर जहाजाचं नाव पुकारलं गेलं — दोनदा, नेहमीच्या पद्धतीने — कप्तानाने उत्तर दिलं. मग जहाजाच्या कर्ण्यांवरून खलाशांची नावं, एकेक, कप्तानाच्या आवाजात. मी कर्ण्याच्या वायरी तोडल्या. काही फरक पडला नाही.

वारा पडलाय. समुद्र काचेसारखा. कुणी नांगर उचलत नाही. मी कप्तानाला लिहून दाखवलं — चला. तो पाण्याकडे बघत राहिला. कीर-इग्नातिस होडीत बसलाय, वल्ही आत घेऊन. त्याच्या बायकोचं नाव कर्ण्यावर त्याच्याच आवाजात ऐकू आलं. बायको गावाला असते.

म्हणजे ती फक्त इथल्यांनाच बोलवत नाही —

रोडाँथी माझी बाही सोडत नाही.

२० जून, शुक्रवार

आजही बोलले नाही. एकटीसुद्धा. आवाज आहे की नाही तेही बघत नाही — बघायचं तर काहीतरी बोलावं लागेल.

दुपारी रोडाँथीने तिचा फोन माझ्यापुढे धरला. बारा वाजता आईला फोन गेलाय. तिने लावला नव्हता. फोन उशीखाली होता. उचलला गेलाय. थोडाच वेळ.

आई फोन उचलताना काय म्हणते —

सगळी यंत्रणा बंद आहे, प्लग काढलेले. हेडफोन लावले. न जोडलेला चॅनेल. आधी कोरस, खूप लांबून. मग अगदी कानाशी, धापा टाकत, बागेतून धावत आल्यासारखी —

ओरीस्ते?

आईच.

रोडाँथी खुणेने विचारतेय, काय ऐकलंस. मी डोकं मागे टाकलं. काही नाही.

वरच्या डेकवर आलेय. एक रेघ रेंज. आधी इथे लिहिते, मग फोनवर उतरवते.

आई, मी मिर्सीनी. फोन करू नकोस. उचलू नकोस, माझा असला तरी. रोडाँथीचा असला तर मुळीच नको. रविवारपर्यंत, २२ तारखेपर्यंत, मला लिहून उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत. एवढंच लिही की तू घरी आहेस, आणि तुला बोलता —