एका भाकरीला एक नाव

आई, तुला जाऊन आठ वर्षं झाली. येत्या रविवारी देवळात महिला मंडळापुढे मला बोलायचं आहे. विषय पाळकसाहेबांनीच दिला : रोजच्या आयुष्यात प्रार्थना आणि उपकारस्तुती. मी शिकलेली, मंचरला शाळेत शिकवते, म्हणून माझं नाव आपोआप पुढे आलं. चार पानं लिहून झाली आहेत, बायबलमधली वचनंही शोधून ठेवली आहेत. तिसऱ्या पानावर तुझ्याबद्दल एक वाक्य आहे : 'माझी आई मनातल्या मनात प्रार्थना करायची.' तू गेल्यापासून मी हे सगळ्यांना सांगत आले आहे, तुझ्या मातीच्या दिवशीही सांगितलं. ते खरं नाही. रविवारी तेच वाचायचं की खरं काय ते बोलायचं, हे ठरत नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

जुन्नरच्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. सकाळची वेळ, दोन चुली पेटलेल्या, धुरानं काळी पडलेली कौलं. चाळीस मुलींच्या भाकऱ्या तू एकटी थापते आहेस आणि मी पाटावर पुस्तक घेऊन बसले आहे. तू एक भाकरी थापायचीस आणि एका मुलीचं नाव घ्यायचीस, कधी नुसतं तिच्या गावाचं, चांगलं मोठ्यानं, जणू देव पलीकडच्या चुलीपाशी बसला आहे. "बाबा, घाटघरच्या पोरीचा खोकला थांबला, तुजं लई उपकार." भाकरी तव्यावर. "महाळुंग्याची रडत व्हती, काल हसली, उपकार. आन् ह्या बारकीला गणित येऊं दे रं, न्हाई तर बाई मारत्यात, मला बघवत न्हाई." मध्येच रॉकेल मिळालं त्याचे आभार, येष्टी टायमावर आली त्याचे आभार, कोंबडी खुडूक होती ती उठली त्याचेही. मुली ताट घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि तुला चिडवायच्या, "मावशी, माजी भाकर करपली, आज माजं नाव इसरला वाटतं!" तू म्हणायचीस, "तुजं दोनदा घेतलं, म्हणून जादा भाजली."

मलाही तेव्हा ते आवडायचं. पुढे कॉलेजला गेले आणि आवडेनासं झालं. देवापुढे कोंबडीचं काय सांगायचं, असं वाटायला लागलं. प्रार्थना कशी गंभीर हवी, सगळ्या जगासाठी हवी. मी बीए झाले, आपल्या घरातली पहिली, आणि त्या वर्षी नव्या पिकाच्या, हंगामाच्या उपासनेत उपकाराची प्रार्थना तू करावीस असं पाळकसाहेबांनी सांगितलं. तू किती खूश झालीस! आणि मी मात्र घाबरले. पुण्याहून पाहुणे येणार होते, माझे सरही येणार होते. तू उभी राहून खुडूक कोंबडीचे आभार मानशील, हेच मला दिसत होतं. मी एका कागदावर प्रार्थना लिहून काढली, 'हे सर्वसमर्थ, करुणासागरा' अशी सुरुवात करून. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून आठवडाभर ती तुझ्याकडून पाठ करून घेतली. तेही भाकऱ्या थापतानाच. त्या आठवड्यात एकाही मुलीचं नाव त्या चुलीपाशी घेतलं गेलं नाही. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

त्या रविवारी वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, कांद्याच्या माळा मांडलेल्या. तू नवं लुगडं नेसून उभी आहेस. पहिल्या दोन ओळी नीट म्हणालीस. तिसऱ्या ओळीला थांबलीस. सगळ्यांचे डोळे मिटलेले, फक्त माझे उघडे. तू माझ्याकडे पाहिलंस. मला ती ओळ पाठ होती, मी पहिल्याच बाकावर होते, नुसते ओठ हलवले असते तरी तुला कळलं असतं. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं तू हळूच "आमेन" म्हणालीस आणि खाली बसलीस. बाहेर पडताना एक म्हातारे मास्तर हसत म्हणाले, "काय मावशी, पोरगी बीए झाली आन् तुमीच मुक्या झाल्या व्हय?" लोक हसले. तूही हसलीस. रस्त्यात मी तुला रागावले, एवढं साधं पाठ होत नाही म्हणून. तू पदरानं तोंड पुसलंस आणि एवढंच म्हणालीस, "तुजं पाठ केलं बाय, तवा माजं सांडलं."

दुसऱ्या दिवसापासून तू गप्प भाकऱ्या थापायला लागलीस. मुलींनी विचारलं तर म्हणायचीस, "घसा बसलाय गं." दोन वर्षं, तू जाईपर्यंत, तुझा घसा बसलेलाच होता, आई. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. वाटलं, आता तुझी प्रार्थना पोक्त झाली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुझा हात धरून शुद्ध, सुंदर प्रार्थना केली. तू डोळे उघडून म्हणालीस, "चांगली केलीस." मग बऱ्याच वेळानं, "पोरींची नावं न्हाई घेतलीस पर." मी म्हटलं, उद्या घेते. बोर्डिंगमधल्या तेव्हाच्या मुलींची नावंच मला माहीत नव्हती. उद्यापर्यंत तू थांबली नाहीस.

माझ्या चार पानांत उपकारस्तुती म्हणजे काय, ती का करावी, सगळं आहे. कोणाचं नाव मात्र एकही नाही. काल शाळेतून आल्यावर मी काठवट पुढे घेतली. वर्गातली एक मुलगी पेठ गावाहून येते, आठवडाभर आली नव्हती, काल आली. पहिली भाकरी थापताना मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं आणि म्हणाले, "बाबा, ही आली, तुजं लई उपकार." आवाज माझाच, पण बोलणं तुझं. भाकरी कडेला चिरली. तेवढ्यात ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?"

मी म्हणाले, "कोणाशी नाही."