अव्वांचं कानडी पद

सोमवार, सायंकाळ

नातीच्या बारशासाठी पाळणा आला, भाडं दोनशे.

तो पुसताना सासूबाईंचं, म्हणजे अव्वांचं, कानडी पद गुणगुणत होते, तर अक्कलकोटच्या विहीणबाई दचकल्याच. "अवो, हे तर आमच्यात मयताच्या भजनात म्हणतात की!"

मला कानडी येत नाही, पद नुसतं ऐकून पाठ. त्यावरच माझी तिन्ही मुलं झोपली. पण अव्वांची तर ती मायबोली. डोळे मिटून म्हणायच्या. त्यांना ठाऊक नव्हतं? की शिवाचं नाव आहे, एवढंच पुरे होतं? आणि त्या पदाशिवाय आमच्या घरचा पाळणा कसला?

नणंदेला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कार्ड लिहिलं: "वन्सं, अव्वा ते पद अर्थ जाणून म्हणायच्या का? बारसं रविवारी आहे, उलट टपाली कळवा."