न्हाणीघरात भरलेला वर्ग

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (घरातली फरशी सध्या ओली असल्यामुळे तो मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घ्यावा.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामींना कानाचं यंत्र आणलंत, की अजून तुम्ही ओरडायचं आणि त्यांनी नुसतं हसायचं, असंच चाललंय? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर मामा, मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. मध्येच शाई पसरलेली दिसली तर मी रडलो असं समजू नका, वरून गळतंय.

आमच्या संस्थेत प्रौढांसाठी नळजोडणीचा वर्ग मी घेतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एक धंदा सोडून दुसरा धरू पाहणारी, संसारात मुरलेली मंडळी या वर्गाला येतात. आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा ‘पाण्याचे मानवी जीवनातील महत्त्व’ आणि दुसरा ‘नळाचा उगम व विकास’. पान्हा येतो तो थेट सातव्या धड्यात, तोही चित्रात. मी मन लावून शिकवत होतो हो! पण वर्गात एक निवृत्त बसचालक आहेत. त्यांना आम्ही सगळे ड्रायव्हरकाका म्हणतो. ते पहिल्या धड्याला जे झोपले, ते झोपेतच हात फिरवून वळणं घेत राहिले. शेजारचे शिंपीबुवा दुकान बंद पडल्यामुळे आलेले, ते बाकाखाली लोकांच्या विजारी आखूड करून देत. आणि निवृत्त नर्सबाई माझं बोलणं मात्र लक्ष देऊन ऐकत. तास संपल्यावर म्हणाल्या, सर, तुमचा आवाज ऐकून मला वॉर्डातली रात्रपाळी आठवते, फार शांत वाटतं. बाकीचे हळूहळू यायचेच बंद झाले.

अशात वरच्या कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. मागच्या बाकावर बसल्या, ड्रायव्हरकाकांचं घोरणं ऐकलं आणि मला बाहेर बोलावून सरळ सुनावलं. मोठ्या माणसांना त्यांच्या जगण्यातलं, हाताला लागेल असं शिकवा. पुढच्या तपासणीपर्यंत वर्ग जागा झाला नाही तर तो बंद, आणि तुमची बदली कोठारात. मामा, कोठार म्हणजे काय, तुम्हाला कल्पना आहे? दिवसभर जाळीच्या खिडकीआड बसून पान्हे द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे! मी हबकलोच. इतकी वर्षं शिकवून शेवटी मी पान्हे राखत बसायचं? आणि या लोकांनी कुठे जायचं? शिंपीबुवांच्या घरी खाणारी तोंडं आहेत, विजारी आखूड करून ती किती दिवस भरणार?

तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि ‘गिऱ्हाइकाच्या घरी पहिलं पाऊल’ असा माझ्या मनचा धडा काढला. तो मी कुठून घेतला म्हणाल, तर तुमच्याकडून. लहानपणी तुमची हत्यारांची पिशवी धरून मी घरोघर हिंडलो आहे. दारातून आत शिरायचं, नळाकडे बघायचं, कपाळाला हात लावायचा आणि विचारायचं, “हे काम कोणी केलं?” मग घरमालकाचा चेहरा उतरायचा, मग तुम्ही आधीच्या माणसाचं सगळं काम उखडायचं आणि पहिल्यापासून करायचं. हे तुमचं मी वर्गात अगदी नकलेसकट करून दाखवलं. काय सांगू मामा! वर्ग खडबडून जागा झाला. एकेकाने पुढे येऊन कपाळाला हात लावून दाखवला. नर्सबाईंनी तर असा सुस्कारा सोडला की मीच दचकून मागे सरलो. गळालेली मंडळी परत यायला लागली. मी हवेत तरंगत होतो. तिथेच थांबलो असतो तर आज अंगावर कोरडे कपडे असते.

आमच्या स्वयंपाकघरातला नळ थेंबथेंब गळतो, हे तुम्हाला माहीत आहे. (मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, असू दे, वाचा फुटलीय त्याला.) मला वाटलं, याहून जिवंत धडा कुठला? सुट्टीचा दिवस पाहून सगळा वर्ग मी घरीच बोलावला. तुमची भाचेसून दिवसभर बहिणीकडे जाणार होती. तिला मी काही बोललो नाही. नवा वायसर टाकायचा, एवढंच तर काम! वर्गाचे तीन गट केले आणि एकामागून एक यायला सांगितलं, म्हणजे गर्दी नको. कार्यालयालाही रीतसर कळवलं. आता वाटतं, निदान ते तरी करायला नको होतं.

पहिला गट ड्रायव्हरकाकांचा. आत आले, पाइपांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि विचारलं, “हे काम कोणी केलं?” मी अभिमानाने म्हटलं, माझ्या मामांनी, स्वतःच्या हाताने. मग काका म्हणाले, मामा आहेत म्हणून मी काही बोलत नाही. आणि त्यानंतर मामा, ते बराच वेळ बोलले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की तुम्ही वळणं फार ठेवली आहेत. मी वायसर वायसर म्हणत राहिलो, तोवर ओट्याखालचं सगळं उखडून झालं होतं. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्याला पाइप सरळच लागतो. जुन्या नळाशेजारी नवा नळ बसवून त्याचा पाइप त्यांनी स्वयंपाकघरातून भिंत फोडून थेट न्हाणीघरात नेला, वाटेत कुठे थांबा नाही.

ते हात धुवायला जातात न जातात (हात कुठे धुणार होते कोण जाणे), तर दुसरा गट हजर. शिंपीबुवांनी तो पाइप वरपासून खालपर्यंत बघितला आणि ओठातल्या टाचण्या काढल्यासारखं करून तोच प्रश्न विचारला. मामा, मी सुन्न झालो. मी शिकवलेलं माझ्याच घरात पाठ म्हणून दाखवत होते! अहो, हा तुमच्याच वर्गाचा पाइप आहे, असं मी सांगितलं, पण ऐकतो कोण? बुवांचं म्हणणं, शिवण दिसता कामा नये. त्यांनी काकांचं काम उसवलं आणि सगळे जोड भिंतीच्या आत घेतले. भिंत बिचारी होती कुठे उरलेली, पण जी होती तिच्यात घेतले. मग नर्सबाई आल्या. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला आणि मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. (ते त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं दिलं, घरात नव्हतं.) त्यांच्या मते घरात येणारं पाणी उकळूनच यायला हवं. त्यांनी नव्या पाइपावरचे सगळे नळ गीझरला जोडले. सगळे म्हणजे सगळे, फ्लशसुद्धा!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण ड्रायव्हरकाकांचा पान्हा इथे राहिला होता, तो न्यायला ते परत आले आणि त्यांची नजर नर्सबाईंच्या कामावर गेली. पुढचं काय सांगू! काकांमागून शिंपीबुवा आले, त्यांच्यामागून बाकीचे. आख्खा वर्ग आमच्या एवढ्याशा न्हाणीघरात. कोणी बादलीवर उभं, कोणी खिडकीत, आणि सगळे एकमेकांना दाब, उतार आणि वळणं समजावून सांगताहेत. सातवा धडा, नववा धडा, मी वर्गात अजून न शिकवलेला बारावा धडासुद्धा यांच्या तोंडात! मी दारात आ वासून उभा. ही तीच माणसं का, जी माझ्यापुढे घोरत होती?

नेमक्या त्याच वेळी दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक तपासनीस बाई, दुसरी तुमची भाचेसून. दोघी जिन्यात भेटल्या होत्या म्हणे. मी थिजलोच. तपासनीस बाईंनी स्वयंपाकघरातला नवा नळ सोडून पाहिला, तर न्हाणीघरात बादलीवरच्या मंडळींच्या डोक्यावर कढत फवारा आला आणि फ्लशमधून वाफ. आता कोठार, असं मनात म्हणून मी डोळे मिटले. तर बाई काय म्हणाल्या असतील? वाहवा! इतका जागा वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही. मामा, माझा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी तिथेच, भिजत, वर्ग चालू ठेवायचा शेरा दिला. शिंपीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं, निदान मला तरी ते डोळ्यांतलं वाटलं.

तुमची भाचेसून मात्र चपला हातात घेऊन आत आली. तिने स्वयंपाकघर बघितलं, भिंत बघितली, न्हाणीघर बघितलं. मग कपाळाला हात लावला आणि शांतपणे विचारलं, “हे काम कोणी केलं?” आख्ख्या वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं.

असो. वर्ग वाचला, या आनंदात तुम्हीही सहभागी व्हावं म्हणून हे पत्र. तो गळका जुना नळ तेवढा अजून तसाच थेंबथेंब गळतोय. त्याचा पाइप वेगळा, वरून येतो, त्याला कोणीच हात लावला नाही. सध्या घरात पाणी येतं ते तेवढ्याच नळाला, आणि आम्ही त्याच्याखाली पातेलं लावून बसलेलो असतो. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. – आम्ही सगळे आंघोळीला तुमच्याकडे येतो आहोत. कपडे बऱ्याच दिवसांचे आणतोय.

पुन्हा ता. क. – तपासनीस बाईंनी वर्ग चालू ठेवताना एक अट घातली आहे, ती वर लिहायची राहून गेली. पुढच्या सत्रात प्रात्यक्षिकाला दुसरं घर हवं, शक्यतो जुन्या पाइपांचं. घर मिळालं नाही तर कोठार आहेच. मी तुमचा पत्ता दिला आहे. तुम्ही नाही म्हणणार नाही, याची खात्री असल्यामुळे आधी विचारलं नाही.

आणखी एक – वर्गात एक नवीन विद्यार्थिनी दाखल झाली आहे, तुमची भाचेसून. आल्या आल्या ती गटप्रमुख झाली, कोणाची विरोध करायची हिंमत झाली नाही. तुमच्याकडे पहिला गट तिचाच येतो आहे. सगळ्याचं मूळ कुठे आहे, ते तिला एकदा आतून बघायचंय म्हणते. पत्र पोचेल तेव्हा ती मंडळी वाटेत असतील, तेव्हा घरातली सगळी पिंपं आजच भरून ठेवा.