चारातलं एक मत

अण्णा, आज सकाळी आमच्या धायरीच्या गल्लीत सभा झाली आणि तुमच्या सतरंज्या पुरल्या नाहीत. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागनं. सभा माझी होती. मी महापालिकेला उभी राहिलेय. हो, मीच. सहावीत शाळा सोडलेली, पोळ्या लाटून सोसायट्यांना डबे पोचवणारी. आणि उभी राहिलेय ती तुमच्याच त्या पक्षाकडून, ज्याच्यावरनं आई आणि मी मिळून तुमचं डोकं खायचो. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते.

नारायण पेठेतल्या छापखान्यात दिवसभर पुस्तकं शिवून तुम्ही सरळ घरी कधी आलात? शेजारच्या जिन्यानं पक्षाच्या ऑफिसात चढायचात. ऑफिस कसलं, पिठाच्या गिरणीवरची एक खोली. मग सायकलला सतरंज्या बांधायच्या आणि सभा असेल त्या चौकात निघायचं. शाळेला सुट्टी असली की मी मागं, सतरंज्यांच्या वर. पक्ष दरवेळी पडायचा आणि तुम्ही दरवेळी सतरंज्या झटकून घड्या घालायचात. आई विचारायची, "अहो, त्या पक्षानं तुम्हाला दिलं काय?" तुम्ही म्हणायचात, "चहा." की आई आणखी पेटायची. एकदा मी शहाणपणा केला, तुम्ही यायच्या आत सगळ्या सतरंज्या चौकभर अंथरून ठेवल्या. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, "उचल. मोकळी सतरंजी दिसली की माणूस लांबच उभा राहतो. आधी एक घाल. ती भरली की दुसरी." मी गाल फुगवून उचलल्या. तुम्ही एकच घातलीत आणि तिच्यावर आधी मला बसवलंत.

आता आमचं ऐका. खडकवासल्याचं धरण धायरीच्या उशाशी, आणि आमच्या गल्लीत पाणी टँकरनं. कणीक भिजवायची तरी टँकरची वाट बघायची. नगरसेवकाकडे गेले की एकच उत्तर, "वर विचारून सांगतो." हे वर कुठं असतं ते त्याला तरी माहीत असेल का, देव जाणे. मला आला राग, आणि राग काढायला मी गेले तुमच्या जिन्यानं वर. तुमच्या वेळचे चिटणीस अजून तिथंच बसतात, केस तेवढे पांढरे झालेत. मी दारातूनच सुरू झाले, तुमचा पक्ष झोपलाय का मेलाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपण इतकं सुरेख ओरडता, तर उभ्या का राहत नाही?" चहा दिला. अण्णा, तोच तो चहा.

अर्ज भरला तर मोठ्या पक्षाचा माणूस घरी हजर. "ताई, मागे घ्या अर्ज. पुढच्या वेळी आपल्याकडून बघू. छोट्या पक्षाला मत म्हणजे वाया गेलेलं मत." त्याला मी दार दाखवलं, पण तो शब्द काही घरातून जाईना. मग ठरवलं, रविवारी गल्लीत सभा घ्यायची. पहिली सतरंजी भरली तर लढायचं, नाही भरली तर सोमवारी अर्ज मागे. तुमच्या जावयांना सांगितलं तर म्हणाले, "बरं. मी चहा ठेवतो. भरली तर लोकांना, नाही भरली तर तुला."

सकाळी बघते तर मांडववाल्यानं खुर्च्याच खुर्च्या मांडून ठेवलेल्या. सगळ्या उचलायला लावल्या, एक चिटणीसांना ठेवली. तुमच्या सतरंज्या माळ्यावरून काढल्या. एवढा राग राग करणाऱ्या आईनं त्या कधी टाकू दिल्या नाहीत, ते ठाऊक आहे का तुम्हाला? एक अंथरली. तिच्यावर मी एकटी बसलेय आणि अख्खी गल्ली दारातून बघतेय. शेवटी समोरच्या आजी आल्या. "खाली बसले तर मला उठवनार कोन गं?" म्हटलं, "मी उठवीन. बसा." आजी बसल्या आणि त्यांच्या मागनं त्यांच्या सुना, मग माझ्याबरोबर डब्याच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका, मग त्यांचे नवरे.

भाषण मला कुठलं यायला. उभी राहिले आणि म्हटलं, "बायांनो, आपल्या प्रभागात नगरसेवक चार, म्हणून तुम्हाला मतं चार. चार बटणं दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही. आमच्या पक्षाकडं माणूस एकच, ती मी. तेव्हा तीन मतं मोठ्यांना द्या, खुशाल द्या. एक मला द्या." चिटणीस खाकरले. "बाई, आपण नेमका प्रचार कुणाचा करताय?" म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. तुम्ही आजवर सगळी मतं मागितलीत, मिळालं काय?" लोक असे हसले की दारात उभे होते ते पण खाली येऊन बसले. जावयांनी दुसरी सतरंजी टाकली. मग मी सांगितलं, चौघं एकाच घरचे असले तर त्या सभागृहात पाण्यासाठी भांडणार कोण? चौघंही वर बघत बसणार. एक तरी बाहेरची पाहिजे, जिला कुणाला विचारायचं नाही.

कुणीतरी मागनं ओरडलं, "आणि तुमचं वर कुठंय?" म्हटलं, "हे काय, खुर्चीवर बसलंय. नारायण पेठेत जिना चढला की भेटतं. पाणी नाही आलं तर मला धरा, मी नाही सापडले तर ह्यांना धरा." चिटणीसांनी उठून नमस्कार केला. तिसरी सतरंजी, चौथी, मग माझ्या घरातल्या चादरी.

आजी म्हणाल्या, "पर मत वाया जातं म्हंत्यात."

"आजी, आजवर मोठ्यांना दिलंत. पाणी आलं?"

"न्हाई."

"मग एक माझ्यावर वाया घालवा."

आजी खो खो हसल्या. "घालवते की. आता उठीव मला."

अण्णा, उद्या मी अर्ज मागे घेणार नाहीये. पडेन बहुतेक, पडायची सवय आपल्या घराला आहेच. पण आज दुपारभर मी एकटीच हसतेय. आम्हाला वाटायचं, तुम्ही फुकट राबता. तुम्हाला तेव्हा मजा येत होती होय? एका शब्दानं बोलला नाहीत कधी. चहा म्हणालात.

पत्र कुठं टाकायचं, ते काही मला माहीत नाही. तुमच्या घडीसारख्या सगळ्या सतरंज्यांच्या घड्या झाल्या. पहिली तेवढी अजून गल्लीत तशीच आहे, तिच्यावर बसूनच लिहितेय. जावई दोनदा विचारून गेले, उचलू का. मीच नको म्हटलं. आत्ताच उचलवत नाही मला.