शेवाळ्याची खोल बाजू

मंगळवार, ३ मे. सकाळी ९
मालक गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले. तीन आठवडे बंगला, बाग आणि मागचा स्विमिंग पूल माझ्या ताब्यात. आजपासून रोज लिहिणार. दादा म्हणतो, तू ठरवतोस आणि विसरतोस. लिहिलेलं कसं विसरणार?

मालकांनी जाताना दोनच कामं सांगितली. पंप रोज आठ तास चालवायचा आणि रोज सकाळी पूलचा फोटो पाठवायचा. ऑपरेशननंतर त्यांना पाण्यात चालायचा व्यायाम आहे. तो चुकला तर गुडघा आखडणार. पाणी घाण असलं आणि जखमेत गेलं तर... पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

पाणी निळंशार. मालक निघायच्या आधीच फोटो काढला, काठावरच्या त्यांच्या चपलांसकट. झकास आला.

कामावर घेताना त्यांनी विचारलं होतं, पोहता येतं का? मी म्हटलं, मासा आहे मी. त्यात खोटं काय? माशाला तरी कुणी शिकवलेलं असतं?

बुधवार, ४ मे
पंप लावला. पंप बंद केला.

पंपाच्या खोलीतून आवाज येतो. मशीनचा नाही. माणूस कण्हतो तसा. ऊं... ऊं... मध्येच गुळगुळ. बंगल्यात मी एकटा. भर दुपारी अंगावर काटा.

ठरवलं : शेजारचा माळीकाका त्याच्या बागेत असेल तेव्हाच पंप लावायचा. वीजही वाचेल. मालक खूश होतील.

शुक्रवार, ६ मे
माळीकाका दोन दिवस आलाच नाही. पंपाला विश्रांती.

रविवार, ८ मे. सकाळी ८
पाणी जरा हिरवट वाटतंय. झाडाची सावली असणार. फोटोत उगाच सावली नको, म्हणून मंगळवारचाच पाठवला. पूल तोच, पाणी तेच. मालकांचा अंगठा आला.

बाबांचा फोन. हॅलो नाही, काही नाही, एकदम म्हणाले, टिकलास का? वर्षातली ही चौथी नोकरी. ही गेली तर गपचूप घरी यायचं आणि दादाच्या वेल्डिंगच्या दुकानात त्याच्या हाताखाली राहायचं, असं ठरलंय. दादाच्या हाताखाली! तो आरसा पुसायला लावतो आणि पुसून झाला की त्यात बघून भांग पाडतो. तेवढं सोडून काहीही चालेल.

बाबांना सांगितलं, मी इथे पूल मॅनेजर आहे. ते म्हणाले, हाताखाली किती माणसं? मी म्हटलं, सध्या मीच.

बुधवार, ११ मे
सावली नाही. शेवाळं आहे. भिंतींना हिरवी मखमल चढलीय.

माळीकाका कुंपणावरून म्हणाला, काय मॅनेजर, भाजी लावलीस की काय? त्याला म्हटलं, काका, तुम्ही तुमचे गुलाब बघा.

पूलची औषधं विकतो त्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, आधी ब्रशने घास, मग क्लोरीन टाक, पण पंप बंद असेल तर अख्खं दुकान ओतलंस तरी शेवाळं हलणार नाही. पंप चालतो ना? मी म्हटलं, चालतो. लावला तर चालतोच की.

गुरुवार, १२ मे
लांब दांड्याच्या ब्रशने पायऱ्यांकडची बाजू घासली. हाताला फोड. काठावरच्या फरशीवर ४ लिहिलंय. चार फूट. म्हणजे समोरची बाजू आठ तरी असणार. दहाही असेल. तिथला आकडा शेवाळ्याखाली गेलाय, पण ज्याला डोकं आहे त्याला आकडा कशाला लागतो? पाणी स्वच्छ होतं तेव्हासुद्धा तिकडे बघून मला गरगरलं होतं.

खोल बाजू उद्या.

शुक्रवार, १३ मे
पाठ धरलीय. खोल बाजू उद्या.

शनिवार, १४ मे
उद्या.

सोमवार, १६ मे. संध्याकाळी ६
सकाळी क्लोरीन टाकलं. माप सापडलं नाही, अंदाजाने टाकलं. दुपारी पाणी दुधी झालं. जीव भांड्यात पडला. आता परत हिरवं. आधीपेक्षा हिरवं. चिडल्यासारखं.

आणि खोल बाजूला एक बुडबुडा आला.

तळ तर दिसत नाही. मग खाली आहे काय? वाऱ्याने बुडबुडा येत नाही. बुडबुडा श्वासाचा असतो. दाराला आतून स्टूल लावलंय.

बुधवार, १८ मे
आज तीन बुडबुडे. माळीकाकाला बोलावून दाखवले. तो म्हणाला, बेडूक असेल. मी म्हटलं, बेडूक एवढा वेळ दम धरतो का? तो म्हणाला, मग उतरून विचार की त्याला, मासा ना तू? म्हणजे मालकांनी सांगितलंय वाटतं. हात दाखवून अवलक्षण.

नेहमीचा फोटो पाठवला. मालकांचा मेसेज आला : गुडघा फार दुखतो, पण रोज हे निळं पाणी बघतो आणि व्यायामाला उठतो.

जेवलो नाही.

शुक्रवार, २० मे
मालक मंगळवारी येणार. चार दिवस हातात आहेत, घाबरण्यासारखं काहीच नाही. शनिवारी पंप. रविवारी खोल बाजू. सोमवारी क्लोरीन. मंगळवारी निळं. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. बघूनच निम्मं काम झाल्यासारखं वाटतंय.

शनिवार, २१ मे. सकाळी ११
पंप लावला. कण्हला. पळालो. फाटकाबाहेर दहा मिनिटं उभा होतो. मग कानात बोटं घालून आत गेलो आणि कोपराने बटण बंद केलं.

म्हणजे पंप लावला. शनिवारचं काम झालं.

रविवार, २२ मे. दुपारी ४
केस अजून ओले. तरी लिहितो.

मालक दोन दिवस आधीच आले. मी पूलपाशी ब्रश घेऊन उभा होतो, खोल बाजूला, काठापासून चांगला पाच पावलं मागे. वळलो तर समोर वॉकर, वॉकरमागे मालक, आणि त्यांच्या पायात निळ्या चपला. त्या चपला बघितल्या आणि पायाखालची वाळू सरकली. माझ्या फोटोत काठावर त्याच चपला आहेत. रोज.

मालक म्हणाले, मी म्हणत होतो, माझ्या चपला रोज रात्री घरी जातात आणि सकाळी मी उठायच्या आत दवाखान्यात परत कशा येतात?

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पंप किती तास चालला? एवढ्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं. कण्हणं, बुडबुडे, स्टूल, सगळं. मग मालक म्हणाले, जरा काठ घासून दाखव, बघू किती घट्ट बसलंय. वाकलो. तेवढ्यात त्यांनी पंपाच्या खोलीपाशी उभ्या माळीकाकाला खूण केली आणि काकाने पंप लावला.

ऊं.

मी उडालो. ब्रश एकीकडे, मी दुसरीकडे. खोल बाजूला. नाकातोंडात हिरवं पाणी. आई आठवली. दादासुद्धा आठवला. वाचवा म्हणून ओरडलो, बाबांना सांगा म्हणून ओरडलो, काय सांगा ते सुचलं नाही.

वरून मालक म्हणाले, उभा राहा.

मी म्हटलं, बुडतोय!

ते म्हणाले, बाबा रे, उभा राहा.

उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत.

मालकांनी वॉकरच्या टोकाने काठावरचं शेवाळं खरवडलं. खाली ४. हा पूल चालण्यासाठीच बांधलाय, दोन्हीकडे चार. माळीकाका पंपाच्या खोलीचं दार धरून खाली बसला होता, हसून हसून.

माझ्या पायाजवळून बेडूक गेला. बेडूकच होता.

रविवार, २९ मे. संध्याकाळी ७
आठ दिवस पंप रात्रंदिवस चालू. आत उभं राहून चारी भिंती मी घासल्या. दुकानदार पाणी तपासून गेला, म्हणाला, आता ठीक. डॉक्टर म्हणाले, जखम भरलीय, उतरा.

मालकांना विचारलं, माझं काय? ते म्हणाले, पाण्यात माझा हात धरायला माणूस लागेल. पोहणारा नको, पोहणारे हात सोडून लांब जातात.

बाबांना फोन केला. म्हटलं, बढती झाली, मालकांना पाण्यात चालवतो. ते म्हणाले, तुला पोहता कुठे येतं? मी म्हटलं, नाही येत. मग म्हणाले, टिक.

सोमवार, ३० मे. सकाळी ८
पाणी निळं. नवा फोटो काढला, चपलांशिवाय. मालकांचा हात धरून उतरलो. चार पावलं नीट झाली. पाचव्याला पंप कण्हला.

मालक म्हणाले, गुडघा राहू दे, आधी माझी बोटं सोड.