एका भिकार बोलपटाविषयी

२० जुलै १९३५, शनिवार
पाहिला एकदाचा तो बोलपट. छी! पुण्याच्या पेपरात अर्धा कॉलम कौतुक. मिलमधले आमचे हेडक्लार्क गुरुलिंगअप्पा म्हणाले, हिंदुराव, रडू आवरेना की. मला किळस आली. नायक चांगला धडधाकट इंजिनिअर, पण काम म्हणाल तर शून्य. उठता-बसता बायकोला नावाने हाक. झाडाला टेकून 'विजयमाला', होडीत 'विजयमाला', तापाने फणफणला तरी 'विजयमाला'! आमच्याकडे लग्नापासून 'अगं ए'वर सुरळीत चाललंय. या घाणीचा विषय पुन्हा घरात काढायचा नाही.

२१ जुलै, सकाळी
घरात दुसरा विषयच नाही. ही काल थेटराच्या जनान्यात बसून पाहून आली, डोळे अजून लाल. म्हणते, "त्यो तिला किती ग्वाड हाक मारतो, की!" मी म्हटलं, विजयमाला हे काय नाव आहे? कोणता शहाणा ठेवतो असलं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा अर्धा चहा उचलून नेला. बायकांना टीका सोसत नाही.

२४ जुलै
पुन्हा पाहिला. आवडला म्हणून नव्हे. पेपरला सणसणीत टीका धाडायची तर पुरावा हवा. या खेपेला किळस जास्त आली. नायिका आजारी पडते तिथे चाळीतला शेजारी चन्नप्पा हुंदके देत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुढच्या माणसाच्या विडीने.

२५ जुलै
हिने आज सरळच विचारलं. "लगीन झाल्यापास्नं एकदा तरी मला नावानं हाक मारली का? पंचमीला दादा न्यायला येतोय. जायच्या आदी एकदा मारा. न्हाईतर मी काय लवकर परत येत न्हाई." मी हसलो. त्यात काय अवघड?
फक्त नाव आठवायला हवं. माहेरचं गोजर. ते गावंढळ वाटलं म्हणून मीच बदललं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव मोठ्या हौसेने मीच लिहिलं. पहिलं अक्षर 'व'. पुढचं उद्या आठवेल.

२८ जुलै
नाही आठवलं. दोष सगळा बोलपटाचा. डोक्यात नुसतं 'विजयमाला, विजयमाला' घुमतंय, त्या गोंगाटात खरं नाव वर येणार कसं? आई असती तर तिला विचारलं असतं. चाळीत सगळे 'हिंदुरावांच्या घरच्या'च म्हणतात. चन्नप्पाला सहज विचारलं, तुला आमच्या बायकोचं नाव माहीत आहे का? त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

३० जुलै
ही चन्नप्पाच्या सावित्रम्माबरोबर पुन्हा बोलपटाला! दुसऱ्यांदा! आणायला गेलो. जनान्याच्या दारावर गुरप्पा दारवान. म्हणाला, "बाईंचं नाव सांगा. हिंदुराव नावाच्या दोगांच्या बायका हायत आत." मागे माणसं खोळंबलेली. मी म्हटलं, घाई नाही, थांबतो. तेवढ्यात पडद्यामागून हीच बाहेर आली. तिथेच उभी राहून ऐकत असावी. घरापर्यंत दहा पावलं मागून चालली. पाय दुखत असतील.

१ ऑगस्ट
आठवलं! वच्छला! शंभर टक्के. उद्या स्टेशनवर, गाडी हलताना, सर्वांदेखत हाक मारीन. त्या इंजिनिअरच्या तोंडात मारल्यासारखं होईल. आरशापुढे सराव केला. आवाज झकास लागतो.

२ ऑगस्ट, दुपारी
मेव्हणा मानसिंग सकाळीच हजर. स्टेशनवर ही खिडकीशी बसली आणि एकसारखी माझ्याकडे बघत राहिली. शिट्टी झाली. मी छातीत हवा भरून ओरडलो, "वच्छला!"
पुढच्या डब्यातून दोन अनोळखी बायकांनी डोकी बाहेर काढली. हिने आत घेतलं.
मानसिंग डब्याच्या दारातून ओरडला, "आवो दाजी, विजयमाला! तुमीच ठिवलं हुतं की!"
गाडी गेली.
घरात शिरताना सवयीने 'अगं ए' म्हणालो.
संध्याकाळच्या खेळाला जाईन म्हणतो. टीका अर्धी राहिली आहे.